वेंकूबाईंनी लावलेले गंध

मित्रांनो, मी एक जुना फर्मा आहे. हे नाव तुम्ही ऐकले नसेल तर संकोच नको. खुर्ची सगळ्यांना ठाऊक असते, फर्मा फक्त सुताराला. मी म्हणजे प्लायवूडचा कमानीच्या आकाराचा तुकडा. माझ्या पोटाखाली पट्ट्या ठोकल्या आहेत, त्यांत लाकूड घट्ट बसते. मग राउटर नावाचे मशीन माझ्या कडेकडेने फिरते. त्याच्या पात्याला एक चिमुकले चाक असते. ते माझ्या कडेला टेकून धावते आणि पाते खालच्या लाकडाला माझाच आकार देते. मी वळतो तसे लाकूड वळते.

माझा जन्म तंजावूरला, सांबशिवरावांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, पण त्यांच्यासमोर शेड म्हणाल तर वाईट वाटेल त्यांना. इथे तंजावूरच्या सोनेरी चित्रांसाठी फळ्या आणि सागवानी चौकटी बनतात. चौकटीच्या माथ्याची कमान कापणे मोठे किचकट काम, म्हणून त्यांनी मला घडवले. कागदावर अर्धी कमान काढली, कागद दुमडून उरलेली अर्धी उतरवली, मग करवत, कानस आणि पॉलिश पेपर. शेवटी माझ्या कडेला मेण चोळले. तेव्हा मला फार बरे वाटले.

पुढे कित्येक वर्षे मी राबलो. माझ्या कमानी तिरुवैयारुपासून कुठल्या कुठे गेल्या. लोक चित्राला हात जोडायचे, फार तर चौकटीला छान म्हणायचे. फर्म्याला कोण विचारतो? काम संपले की मी खुंटीवर, भुशाच्या धुळीत. पण सांबशिवराव मला उतरवताना आधी फुंकर मारायचे. तेवढे मला पुरे होते.

आता खरी गोष्ट ऐका. आमच्याकडे आयुधपूजेला हत्यारांना सुट्टी असते. त्यांना पुसतात, गंध-कुंकू लावतात, फुले वाहतात. वेंकूबाई, म्हणजे सांबशिवरावांच्या पत्नी, हे सारे मनापासून करतात. मागच्या वर्षी माझे गंध वाळून गळून पडले, ते त्यांच्या मनाला लागले होते. म्हणून यंदा त्यांनी गंधात थोडी चिंचोक्याची खळ कालवली. चित्राच्या फळीवर कापड चिकटवायला वापरतात तीच. आणि बोट भरून गंध लावले ते नेमके माझ्या कडेला. पतीला त्याच कडेला मेण चोळताना त्यांनी पाहिले होते ना! त्यांना वाटले, हेच याचे कपाळ.

मला इतके लाडाने कोणी कधी सजवले नव्हते. मी फुलून गेलो. पण कुंकू झडले आणि गंध दगडासारखे सुकले. रंग लाकडाचाच, त्यामुळे कोणाला दिसेना. विजयादशमीला काम सुरू झाले. चाक त्या गंधावर चढले, पाते बाहेर सरकले आणि कमानीवर एक फुगवटा राहिला. सांबशिवराव दचकले. त्यांनी दुसरी फळी लावली. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे आपण म्हणतो. इथे मात्र अंगणच वाकडे होते आणि हा भला माणूस आपल्या पायांना बोल लावत होता. कारण अलीकडे कॉफीचा टंबलर धरताना त्यांचा हात जरासा कापायचा. त्यांच्या वडिलांचा हातही असाच कापू लागला होता आणि एके दिवशी रंधा कायमचा सुटला होता. सांबशिवराव त्या दिवसाची मनातल्या मनात वाटच बघत होते.

“अगे, पोदुम आता,” ते आपल्या तंजावुरी मराठीत वेंकूबाईंना म्हणाले. “पुरे झालं. हात गेला माझा. पापनाशमच्या गणेशकुमाराला सांगटलों मी, रविवारी येऊन मशीन ने म्हणून.”

गणेशकुमार त्यांचा जुना शिष्य. मशीन चांगल्या हाती जात होते, पण घरात कोणी धड जेवले नाही. सांबशिवराव शेडकडे पाठ करून बसायचे. मित्रांनो, मला तोंड नाही याचे दुःख मला तेव्हाच झाले. नुसते एवढे सांगायचे होते, की अहो, तुमचा हात नाही, मी चुकतो आहे.

रविवारी सकाळी वेंकूबाई बिघडलेल्या कमानी पाणी तापवायच्या चुलीसाठी न्यायला आल्या. एकीवर एक रचल्या आणि थबकल्या. मग पतीला हाक मारली.

“अहो, इकडे या. अस्की कमानी बघा, साऱ्याच्या साऱ्या. फुगवटा एकाच जागी अहे कीं. दारात कोलमची रांगोळी काढताना माझा हात चुकतो, तो रोज निराळीकडे चुकतो. थरथरणारा हात एवढा शिस्तीचा असेल काय?”

सांबशिवराव आले आणि एकेका फुगवट्यावरून बोट फिरवू लागले. वेंकूबाईंनीच मला उलटेपालटे केले, त्या जागी नख लावले आणि त्यांचा चेहरा उतरला. “मीच लावटलें हे,” त्या हळूच म्हणाल्या. ओल्या फडक्याने त्यांनी मला पुसले. पुसताना डोळेही पुसले.

तेवढ्यात गणेशकुमार आला. सांबशिवरावांनी त्याला थांबायला सांगितले आणि राउटर हाती घेतला. हात कापत होता, मी खोटे सांगणार नाही. चाक माझ्या कडेला टेकले. त्यांच्या बोटांची थरथर मशीनमधून माझ्यापर्यंत आली आणि मी ती पुढे जाऊ दिली नाही. कमान उतरली ती गुळगुळीत. गणेशकुमाराने ती उजेडात धरली, खाली ठेवली आणि गुरूला म्हणाला, “अय्या, मशीन इथेच राहू दे. मी कॉफी पिऊन जातो.”

सांबशिवराव हसले आणि माझ्यावर फुंकर मारून त्यांनी पुढची फळी लावली.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना जरूर सजवा, पण कामाला लावताना पुसून घ्या, एवढेच आमचे मागणे. आणि तुमच्या घरात कोणाचा हात कापू लागला, तर त्यातले काम घाईने काढून घेऊ नका. त्याला टेकायला एक चांगली कड द्या. हात कापतो म्हणून काम येईनासे होत नाही. मी रोज पाहतो आहे.