बेडकीची ठिणगी

बेडकीच्या प्लगला ठिणगी येत नव्हती आणि वरच्या माळावरच्या गोठ्यात गाय अडली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध एवढाच, की जनावरांच्या डॉक्टरांचं वजन भरपूर होतं आणि त्यांचा एक गुडघा कामातून गेला होता. माळावर जायची वाट म्हणजे उभी चढण, त्यात कालच्या पावसाचा चिखल. डॉक्टरांची जीप पहिल्याच वळणावर रुतली असती. तिथं चढायची ती एकटी बेडकी.

बेडकी म्हणजे मोटारसायकलचं हँडल आणि चार फुगीर चाकं असलेली जुनी गाडी. तात्यानं ती तिसऱ्या मालकाकडून घेतली होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. बायकोच्या मते माणसांपेक्षा जास्त. पण बायकोची मतं तात्या मनावर घेत नसे.

वरून धाकट्या भावाचा फोन आला. "तात्या, एकच पाय बाहेर आलाय. दुसरा दिसतच नाही. निघालात ना?"

"निघालोच," तात्या म्हणाला आणि पुन्हा बटण दाबलं. इंजिन फिरलं, धापा टाकून गप्प झालं. त्यानं प्लग काढून इंजिनाला टेकवला. बायकोनं बटण दाबलं. काही नाही.

"उंदरांनी वायर खाल्ली असणार."

बायकोनं वायर बोटांनी शेवटपर्यंत चाचपली. "उंदरांवर ढकलू नका. वायर धड आहे."

"मग ओल धरली असेल."

"छपराखाली, ताडपत्रीत झाकलेली गाडी. तिला ओल धरली तर आपल्या अंगावर एव्हाना शेवाळ यायला हवं होतं."

उपड्या पेटीवर बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "प्लग बदलला?"

"नवा आहे."

"आणि ते गाडी बंद करायचं बटण? कधी कधी तेच अडून बसतं."

"त्याची वायरच सोडवून ठेवलीय," बायको म्हणाली. ती वायरमनची मुलगी. लग्नात तिच्या भांड्यांच्या पेटीतून दोन वायरी जोडलेला एक बल्ब निघाला होता आणि तात्याकडची माणसं त्यावर वर्षभर हसली होती. आता ती तोच बल्ब घेऊन आली.

"आजारी पडायच्या आधी काय झालं होतं?" डॉक्टरांनी तात्याला विचारलं.

"काही नाही."

"तात्या, तीस वर्षं मी हाच प्रश्न विचारतोय आणि प्रत्येक मालक हेच उत्तर देतो. मग जनावराच्या पोटातून चप्पल निघते. शेवटची कधी चालली?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस काय करत होती?"

तात्यानं चाकाकडे पाहिलं. "वाळत होती."

"काय वाळत होती?"

"रंग."

त्या घरात उरलेला रंग ठेवायची पद्धत नव्हती. फाटक रंगवून झालं की डबा रिकामा होईपर्यंत दिसेल ते रंगवायचं: घमेली, खुराडं, पाण्याची टाकी, एका वर्षी तर वेळेवर न हललेली एक कोंबडीसुद्धा.

"वरवर मारला असेल," डॉक्टर म्हणाले.

"वरवर कशाला?" तात्याला ते लागलं. "सगळं खोलून मारलाय. नट-बोल्टांसकट. दोन हात."

बायकोनं बल्बची एक वायर बॅटरीच्या अधिक टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बल्ब पेटला. मग तीच वायर सीटखालच्या कॉइलच्या पत्र्याला टेकवली. अंधार.

"ही कॉइल ठिणगी पाडणार," ती डॉक्टरांकडे बघत म्हणाली, कारण नवऱ्याकडे बघायची तिची इच्छा नव्हती, "आणि तिची वीज परत फिरणार ती या एका बोल्टातून, गाडीच्या सांगाड्यात. बोल्टाखाली रंग. सांगाड्यावर रंग. परतीची वाटच बंद."

फोन पुन्हा वाजला. "गाय आडवी झाली, तात्या."

डॉक्टरांनी कुणी न मागताच पिशवीतून खूर तासायची सुरी काढून दिली. बायकोनं बोल्ट काढला, खरवडला, खालची जागा पांढरी होईपर्यंत घासली. तात्यानं इतक्या निगुतीनं मारलेला रंग सालपटं होऊन खाली पडला. बोल्ट परत कसला. प्लग इंजिनाला टेकवून बटण दाबलं.

टक्. निळी, बारीक, पण ठिणगी.

"मी चालवतो," तात्या म्हणाला.

"दोघंच मावतात. तुम्ही चालत या," बायको म्हणाली. डॉक्टर मागे बसले तशी बेडकी खाली दबली, आणि मग दोघांना घेऊन ओरडत चढणीला लागली. सगळा चिखल तात्याच्या अंगावर आला.

तो धापा टाकत गोठ्यात पोचला. डॉक्टर जमिनीवर आडवे, खांद्यापर्यंत हात आत. "दुमडलेला पाय सरळ झालाय," ते म्हणाले. "धाकट्याचं बळ संपलं. दोर धरा. कळ आली की ओढा, थांबली की थांबा."

तात्यानं दोर मनगटाला गुंडाळला, टाचा रोवल्या. ओढलं, थांबला. पुन्हा ओढलं. तिसऱ्या कळेला वासरू सुटलं आणि तात्या त्याच्यासकट मागे पडला.

सगळे वासरावर तुटून पडले. बायको नाक पुसत होती, भाऊ अंग चोळत होता. "वहिनी, तुम्ही वेळेवर आलात म्हणून!" तो म्हणत होता. डॉक्टरांनी मान डोलवली. वासरू शिंकलं.

गाय धडपडत उठली. तिनं वासराला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाटलं. ते झाल्यावर तिनं शेजारी आडव्या पडलेल्या तात्याचा हातही तितक्याच मनापासून चाटून काढला. त्यानं तो मागे घेतला नाही.