उपटलेली सहा रोपं

फूल तीन मिलिमीटरचं होतं. दहापट भिंगाखाली पिवळट दलं दिसली, मधोमध एकमेकांना चिकटलेले पुंकेसर. बीजकोशाचा मागमूस नव्हता. मी चिमट्याने दुसरं फूल उघडलं, मग तिसरं. तुऱ्यातली बारा फुलं पाहिली आणि वहीत लिहिलं : बारापैकी बारा नर. मागच्या वर्षीच्या पानावरही हेच होतं.

ही वेल पश्चिम आफ्रिकेतल्या दाट जंगलातली. तिथे ती मोठ्या झाडांवर चढते आणि तिला घडांनी लाल फळं लागतात. फळ साखरेपेक्षा कितीतरी पट गोड. पण ती गोडी साखरेची नाही, एका प्रथिनाची. माझे पती नरहर तेव्हा जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत नवे वाण तयार करायचे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी रीतसर परवानगीने बिया मागवल्या. सात रुजल्या. या वेलीत नर वेगळा, मादी वेगळी, फळ फक्त मादीला, आणि फूल येईपर्यंत ओळखायची सोय नाही. म्हणून सातही जपायच्या असं आम्ही ठरवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात मी एक दिवस अंबडला गेले होते. तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यासाठी मुलाखत होती. निवड झाली. आनंदात घरी आले तर कुंड्यांमध्ये एकच रोप उरलेलं. "दुपारचा पाण्याचा फवारा न मारता गेलीस," नरहर म्हणाले. "सहा करपली." फवारा मारून गेल्याचं मला आठवत होतं, पण ते मी वहीत टिपलं नव्हतं आणि न टिपलेल्या गोष्टीवर विसंबायची मला सवय नाही. मी लिहिलं : सहा मेली. कारण, फवारा चुकला. जबाबदार, शरयू.

नोकरीला नकार कळवला. उरलेल्या रोपाच्या गड्ड्यांपासून चौदा वेली केल्या, शेडनेट उभारलं, चारी बाजूंना गारव्यासाठी ओली पोती टांगली. जालन्याच्या उन्हात ही वेल जगवायची तर दिवसातून चारदा फवारा लागतो. तो मी अकरा वर्षं मारला. एका रोपापासून केलेल्या चौदाही वेली त्याच रोपाच्या लिंगाच्या असणार; ते रोप नर आहे, हे मला पहिल्या तुऱ्यालाच कळलं. नरहर म्हणायचे, "वेल अजून कोवळी आहे. पुढच्या वर्षी बघ." दर जूनला कॉलेजातून फोन यायचा, आणि मी म्हणायचे, यंदा नको. यंदाचा फोन काल आला. प्राचार्य म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, यानंतर विचारणार नाही.

आज नरहरची भाची सुरुची आली होती. ती त्यांच्याच जुन्या कंपनीत आहे. शेडनेटमध्ये डोकावून म्हणाली, "मामा, तुमच्या वेलीचं डोहाळजेवण कधी? आम्ही साड्या घेऊन ठेवल्यात."

नरहर खुर्चीत बसून चहा पीत होते. "मामीला विचार. सातातली सहा तिने मारली नसती, तर आज तुला फळ चाखवलं असतं."

हे वाक्य मी पाहुण्यांसमोर इतक्या वेळा ऐकलं होतं, की मान खाली घालायचंही आता सरावाचं झालं होतं.

आतल्या बाजूला गोजरबाई जुनी पोती उतरवत होत्या. पूर्वी त्या कंपनीच्या प्लॉटवर आणि आमच्या घरीही कामाला होत्या. बिया रुजल्या त्याच वर्षी केदारखेड्याला लेकीकडे गेल्या, त्या या आठवड्यात परत आल्या होत्या.

"कोनी मारली?" त्यांनी पोतं खाली टाकलं. "मेली कुठून वो साहेब? चांगली हिरवीगार व्हती. ताई अंबडला गेल्त्या त्या दिवशी तुम्हीच उपटली की. मोठं तेवढं ठिवलं, बारकी सहा काढली. म्हणले, अशक्त रोप कशाला पोसायचं. आपण प्लॉटात भेसळ काढतो तसं, बराबर. म्याच टोपल्यात भरून उकिरड्यावर न्हेली."

सुरुची हसली, आणि मामाकडे पाहून थांबली.

"तुला काय आठवतंय इतक्या वर्षांचं," नरहर म्हणाले.

"न्हाई कसं? तुम्ही तं मला वरून म्हणले, ताईला सांगू नको, उगं ओरडतील. मंग मी कशाला सांगू? लेकीकडं गेले, इसरून बी गेले."

बियाण्याच्या प्लॉटमध्ये दुबळं रोप उपटणं ही चांगली सवय असते. त्यांचा हात सवयीने गेला असेल. तेवढं मी समजू शकले असते. त्या सहांत मादी किती होत्या, हे आता कुणीच मोजू शकणार नाही.

मी आत जाऊन पहिली वही आणली. ते पान काढलं. 'जबाबदार'पुढचं माझं नाव एका रेघेने खोडलं, बाजूला आजची तारीख घातली आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती उघडी तशीच राहू दिली. मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"शरयू, चार वाजले. फवारा राहिला."

"गोजरबाई, ती पोती परत टांगू नका," मी म्हणाले. मग नरहरकडे वळले. "मी सोमवारपासून अंबडला शिकवायला जाणार आहे."