किती दिवसांपासून

पंपवाल्यांचा आयुष्यभराचा एक नियम होता. भागाचं नाव माहीत असल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही. तीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या इमारतींचे पाण्याचे पंप दुरुस्त केले ते याच नियमावर, आणि माणूस मुळात हट्टी. त्यामुळे बायकोला दवाखान्यात दाखल केल्यावर सोनोग्राफीचा कागद हातात आला आणि त्यातलं ओ की ठो कळेना, तेव्हा गडी पुरता गोंधळला. कागदावरचा सगळ्यात लांब शब्द वाचताना तर त्यांना मध्येच श्वास घ्यावा लागला.

आता डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं, असं नाही. सर्जन म्हणजे तिशीतली, शांतपणे बोलणारी एक बाई होती. पित्ताशयात खडे आहेत, सूज आली आहे, आधी औषधांनी सूज उतरवू आणि मग ऑपरेशनचं ठरवू, इतकं स्वच्छ तिने सांगितलं होतं. पण पंपवाल्यांच्या कानात ऑपरेशन हा एकच शब्द शिरला आणि बाकीचे दाराबाहेर उभे राहिले. सहा वर्षांपूर्वी त्यांचा थोरला भाऊ हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला हसत हसत आत गेला होता, तो परत आलाच नाही. बायकोला सुरी लावू द्यायची नाही, असं त्यांनी त्याच दुपारी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवून टाकलं. त्यासाठी डॉक्टरांशी वाद घालावा लागणार, आणि वाद घालायचा तर त्यांची भाषा यायला हवी.

त्यांची भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने मामाला आपलं पहिल्या वर्षाचं पुस्तक आणून दिलं. शरीराच्या संस्था, त्यांचे आजार आणि त्यांवरचे उपचार, सगळं त्यात होतं. तिने एक युक्तीही शिकवली. शब्द कितीही लांब असला तरी घाबरायचं नाही, त्याची शेपटी बघायची. शेपटीला आयटिस असेल तर सूज, ऑमा असेल तर गाठ, स्कोपी म्हणजे आत डोकावून बघणं आणि एक्टमी म्हणजे काढून टाकणं. मामा खूश झाले. पंपाचे भागही असेच जोडलेले असतात, म्हणाले, आणि वही काढून बसले.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी डोक्याचा पार भुगा झाला. रिपोर्टातला लांबलचक शब्द त्यांनी तोडून पाहिला. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, आयटिस म्हणजे सूज. जमलं की! मग चाळीस पानं पुढे सिस्ट शब्द पुन्हा भेटला आणि तिथे त्याचा अर्थ दिला होता पाण्याची गाठ. त्यांनी भाचीला वर्गातून बाहेर बोलावून फोनवर विचारलं की मामीला गाठ आहे हे तुम्ही सगळे लपवताय का. भाचीने वीस मिनिटं समजावलं, तेव्हा कुठे त्यांनी फोन ठेवला.

हायपर आणि हायपो यांनी तर त्यांचा अंतच पाहिला. एक जास्त आणि एक कमी, पण कुठला कुठला, हे काही केल्या लक्षात राहीना. शेजारच्या खाटेवरच्या आजींचं बीपी वाढलं होतं. यांनी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना हायपो आहे, म्हणजे कमी आहे, असं सांगून टाकलं. आजींनी लगेच नर्सकडे चमचाभर मीठ मागितलं. नर्सने दोघांनाही असं झापलं की बायको दुखण्यातसुद्धा हसली. हसताना तिने उजव्या कुशीवर हात दाबून धरला होता.

आणि सगळ्यात मोठा घोळ खुद्द पित्ताचा. पन्नाशी उलटली तरी पंपवाल्यांच्या लेखी पित्त म्हणजे आंबट ढेकर. अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्त, आणि बायको चिडली की तिचंही पित्तच खवळायचं. त्या पित्ताला यकृताखाली स्वतःची पिशवी असते, पिशवीला नळी असते आणि नळीत खडा अडकला की माणूस असा तळमळतो, हे त्यांना पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर कळलं. इतकी वर्षं एकच शब्द तीन गोष्टींना वापरला आणि खरी चौथीच निघाली, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं.

पण त्याच पानावर त्यांना हवं ते सापडलं. ही सूज दोन तऱ्हेची असते, असं तिथे लिहिलं होतं. एक ॲक्यूट आणि एक क्रॉनिक. ॲक्यूट हा शब्द ऐकायला भयंकर, म्हणून त्यांना आधी वाटलं तेच वाईट. मग अर्थ वाचला. ॲक्यूट म्हणजे अचानक, नुकतं सुरू झालेलं. क्रॉनिक म्हणजे जुनं, रेंगाळलेलं, वर्षानुवर्षं येत-जात राहिलेलं. त्यांनी राउंडवरच्या डॉक्टरांना गाठून विचारून घेतलं. पहिलाच झटका असेल आणि औषधांनी उतार पडला तर थोडं थांबून बघता येईल, पण दुखणं जुनं असेल तर पिशवी काढलेलीच बरी, असं डॉक्टर म्हणाल्या. पंपवाल्यांच्या जिवात जीव आला. दाखल करताना केसपेपर त्यांनीच भरला होता. किती दिवसांपासून, या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने पंधरा दिवस असं लिहिलं होतं. पंधरा दिवस म्हणजे ॲक्यूट. त्यांनी तो शब्द वहीत लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर निर्णय सांगायला आल्या, तेव्हा पंपवाले वही घेऊन तयारच होते. त्यांनी सुरुवातच ॲक्यूटपासून केली. मग पिशवी, नळी, सूज, अँटिबायोटिक, सगळं ओळीने बोलून दाखवलं, एक्टमीची गरज नाही असंही सांगितलं, आणि एकदाही अडखळले नाहीत. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अभ्यास चांगला केलाय काका, असं म्हणाल्याही. फक्त एक गोष्ट त्यांना जुळत नव्हती. सोनोग्राफीत पिशवीची भिंत जाड झालेली दिसत होती, पिशवी आकसली होती, आणि पंधरा दिवसांत तसं होत नाही.

मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बायकोसमोर बसल्या. "काकू, तुम्ही सांगा. जेवल्यावर असं दुखायला पहिल्यांदा कधी लागलं?"

बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं. ती बालवाडीत शिकवायची, तीस पोरांना एका आवाजात गप्प बसवायची, पण बँक असो, कचेरी असो की दवाखाना, तिथे बोलायचं ते यांनीच, असा घरचा रिवाज पडून गेला होता.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "आपण घर बदललं ना, त्याच्या आधीपासून."

पंपवाल्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी वहीत पाहिलं, जणू काही तिथे उत्तर असणार होतं. मग ते चक्क रागावले. चार वर्षं अंगावर काढलंस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, असं भर वॉर्डात, डॉक्टरांसमोर म्हणाले.

"सांगितलं की," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट जरा ओशाळल्यासारखंच झालं होतं तिला. "दर वेळी सांगितलं. पित्त झालंय म्हणून."

हे खरं होतं. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा ती ते म्हणायची, आणि पंपवाले कोपऱ्यावरच्या दुकानातून सोड्याची पुडी आणून द्यायचे, जागरण नको करत जाऊस म्हणायचे, आणि आपण बायकोची काळजी घेतली असं त्यांना मनापासून वाटायचं.

डॉक्टरांनी केसपेपरवरचे पंधरा दिवस खोडले, तिथे चार वर्षं लिहिलं आणि उद्या सकाळी पिशवी काढू असं सांगितलं. दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, फार तर तास-दीड तास. पंपवाल्यांनी भावाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी भुलीच्या डॉक्टरांना मुद्दाम भेटायला पाठवते असंही कबूल केलं. संमतीचा कागद उशाशी ठेवून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. कागदावर तोच शब्द होता, फक्त या वेळी शेपटीला एक्टमी होतं. पंपवाल्यांना तो पहिल्या झटक्यात वाचता आला आणि त्याचं त्यांना रडू आलं. भीतीने छाती भरून गेली होती, आणि त्या भीतीत आणखी काहीतरी कालवलेलं होतं, त्याला काय म्हणायचं ते त्यांना कळेना.

पेन हातात घेऊन ते बायकोकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "पित्त झालंय म्हणायचीस, तेव्हा नेमकं काय व्हायचं?"

ती म्हणाली, आता कशाला ते. ते म्हणाले, सांग. मग तिने सांगायला सुरुवात केली. आधी बरगडीखाली ठुसठुसायचं. कधी पाठीत चमक भरायची, ती मागून उजव्या खांद्यापर्यंत जायची. आणि मग कळ यायची.

"चमक आणि कळ वेगळी?"

"वेगळी. चमक येते आणि जाते. कळ आली की मला उभं राहता यायचं नाही. ओट्याखाली फरशीवर बसून राहायचे मी, ओठ दाबून. थंड लागायची फरशी, बरं वाटायचं."

"मी कुठे असायचो?"

"बाहेरच असायचात," ती म्हणाली. "जेवत."

पंपवाल्यांनी कागद मांडीवर घेतला आणि सही केली. मग त्यांनी स्टूल तिच्या आणखी जवळ ओढलं आणि पुढे सांग म्हणाले.