नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी

माझा धाकटा दीर काळूराम वाईट माणूस नाही, असं गावात म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या विहिरी त्याच्या कोळशाच्या डेपोपासून लांब आहेत.

अंजूरला आमच्या जमिनी लागून आहेत, मध्ये एक बांध. पलीकडे त्याने डेपोला जागा दिली. मोठ्या गाड्या कोळसा ओततात, तिथेच चाळून तो टेम्पोंत भरतात आणि भिवंडीतल्या डाईंगवाल्यांच्या बॉयलरला पाठवतात. अलीकडे माझी वांगी, भेंडी आणि दोन्ही घरांची मिळून एक विहीर. सासऱ्यांनी खणलेली.

डेपो बसायच्या आधी मी दोनच गोष्टी मागितल्या होत्या. वरची हातभर माती काढून बांधाला रचून ठेव, म्हणजे उद्या डेपो उठला तर शेत पुन्हा शेत होईल. आणि कोळशाखाली काँक्रीट घालून भोवती चर खण, म्हणजे धूळ बसवायला मारलेलं पाणी जमिनीत मुरणार नाही. तो हो हो म्हणाला. हो म्हणायला काय, जीभच तर हलवायची असते. पहिली गाडी उलटली ती थेट भाताच्या मातीवर.

भांडायला गेले तर मलाच शिकवू लागला. राब भाजून तुम्हीच जमीन काळी करता ना, मग हा फुकटचा राब समज. आता, रोपं टाकायच्या आधी आम्ही पालापाचोळा आणि शेण जाळून वाफा भाजतो, त्या राखेवर भात तरारून येतो, हे खरं. पण राख वेगळी आणि कोळसा वेगळा, हे कळायला अक्कल लागते. ती माझ्या नवऱ्यालाही नव्हती. पंढरीने भावाचं ऐकून डेपोकडून वाहून आलेला काळा गाळ पाट्या भरभरून वांग्यांना घातला. वांगी करपून गेली. वर म्हणतो, यंदा ऊन फार आहे. मी दोघा भावांना एका दमात शिव्या घातल्या.

मग विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसायला लागला. कळशीच्या तळाशी काळा साका बसायचा. काळूराम म्हणायचा, पाणी चांगलं आहे, हौसावयनीला खुसपट काढायची सवयच आहे. गाव मान डोलवायचं. ज्याच्या मांडवात जेवायचं त्याच्या पाण्याला कोण नावं ठेवणार?

त्यात त्याच्या पोराचं, कुणालचं लग्न निघालं. आमच्या घरात नवऱ्याची हळद उतरवायची ती या विहिरीच्या पाण्याने, आणि पहिली कळशी थोरल्या काकीने ओतायची. म्हणजे मी. कुणाल माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला, त्याच्यावर माझा राग नव्हताच. लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात शिरले तर पाण्याचं पिंप आधीच काठोकाठ भरलेलं. पाणी अगदी नितळ. मागे कोन गावाहून आणलेला टँकर उभा होता, त्याचा पाइप अजून गळत होता.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. तशीच विहिरीवर गेले, कळशी भरली आणि कमरेवर घेऊन मांडवात आले. बायकांचं गाणं मध्येच थांबलं.

"काळूराम, तुझे पोराचे अंगाला जे पानी चालत न्हाय, ते माझे वांग्यांना कसा चालतं रं?"

त्याचं तोंड लाल झालं. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणाला, जळतेस म्हणाला. मी म्हटलं, पाणी चांगलं आहे ना? मग हीच कळशी ओतते.

"वत," तो म्हणाला. "वत ना. मी कुठं तुझा हात अरवतंय?"

मी कळशी उचलली. खरं सांगते, त्या पोराच्या डोक्यावर ते पाणी ओतायची माझी छाती नव्हती. पण हात मागे घेतला असता तर त्याचंच खरं ठरलं असतं आणि विहीर कायमची गेली असती. कळशी कलली आणि काळूरामने झेप घेऊन माझं मनगट धरलं. पाणी त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. पडलेले काळे डाग अख्ख्या मांडवाने पाहिले.

पाटावर बसलेला कुणाल पहिल्यांदा बोलला. "बाबा, काकीचा हात सोरा. पयले चर खना. तवर मी हलद उतरवत न्हाय."

हळदीच्या अंगाने नवऱ्याला मांडवाबाहेर काढत नाहीत, आणि मुहूर्त होता गोरज. काळूरामने मला, माझ्या माहेराला, सगळ्यांना लाखोली वाहिली आणि मग जेसीबीवाल्याला फोन लावला. दुपारपर्यंत डेपोभोवती चर झाला, गाळ अडवायला खड्डा झाला, बांधालगतचा काळा थर खरवडून निघाला. कोळशाच्या गाड्या रस्त्यावर भोंगे मारत उभ्या होत्या. काँक्रीट लग्नानंतर घालतो, असं त्याने चारचौघांत कबूल केलं. घालेल. नाही घातलं तर मी आहेच.

पण चर खणला म्हणून मुरलेलं पाणी वर येत नाही. विहीर तशीच काळी होती, आणि पोरगा पाटावर ताटकळला होता. मी कळशी घासून टँकरच्या पिंपात बुडवली. आमच्या विहिरीच्या पाण्याशिवाय न्हालेला या घरातला पहिला नवरा कुणाल, आणि ते पाणी माझ्याच हाताने त्याच्या डोक्यावर पडलं. ओतताना मी रडले. लग्नात काकी रडायचीच, लोकांना त्यात काही वेगळं दिसलं नाही.