डोंगरापलीकडचं बीकन

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या बाईने चाळिशी उलटल्यावर विमान शिकायला घ्यावं, हे तिच्या थोरल्या भावाला काही केल्या पटेना. "अगं, माळ्यावरचा डबा काढायचा तर तू मला फोन करतेस, आणि विमान कसलं चालवतेस?" तो म्हणाला. तिने ते हसण्यावारी नेलं. खरं कारण ऐकून तो हसला नसता, आणि तेच तिला नको होतं.

खरं कारण होती तिची मुलगी. कागदोपत्री नाव छान लांबलचक होतं, पण आईच्या तोंडी ती ठमीच. नवरा-बायको वेगळे झाले ते आदळआपट न करता. ठमी आईकडे राहिली. मग कॉलेजात जायची वेळ आली तेव्हा एकदा म्हणाली, "आई, मी बाबांकडे जाऊ? तिथलं कॉलेज चांगलं आहे. आणि बाबा अगदीच एकटे पडलेत गं."

"जा की," आई म्हणाली. इतकं झटकन म्हणाली, की पोरीला ते लागलंच असणार. पण थोडी थांबली असती तर आवाज फुटला नसता.

बाबांचं गाव डोंगरापलीकडे. घाटरस्त्याने जायला अर्धा दिवस मोडायचा. ठमीचं येणं आधी ठरल्याप्रमाणे होई, मग जमेल तसं, मग फोनवरच. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." झालं. सकाळी बाथरूमचं दार बडवून "अगं, आटप की आता!" असं ओरडायला घरात कुणी उरलं नव्हतं. दार सताड उघडं असायचं, आणि ते तिला सहन होत नसे.

अशात विमान शिकवणारे एक गृहस्थ चष्मा करायला आले. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. त्यांना मांडीवरचा नकाशा, समोरचे काटे आणि काचेबाहेरचं आभाळ, तिन्ही एकाच चष्म्यातून दिसायला हवं होतं. तिने मापं पुन्हा पुन्हा घेऊन चष्मा असा जमवून दिला, की खूश होऊन त्यांनी तिला विमानातून एक फेरी मारून आणायचं कबूल केलं.

वर गेल्यावर कॅप्टननी रेडिओचं एक बटण फिरवलं. तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये बारीक शिट्टी तुटक तुटक वाजू लागली.

"हे काय?"

"बीकन. खाली जमिनीवर एक केंद्र असतं. ते दिवसरात्र स्वतःचं नाव मोर्सच्या टिंब-रेघांत सांगत बसतं. आपण योग्य केंद्र लावलंय ना, ते आधी कानाने पडताळायचं आणि मगच वाट दाखवणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवायचा."

"कुठलं केंद्र हे?"

कॅप्टननी गावाचं नाव सांगितलं. ठमीचं गाव.

"खाली नाही का ऐकू येत?"

"नाही. मध्ये डोंगर आडवा येतो. वर आलं की आडवं यायला काही उरत नाही."

 शिट्टी वाजत राहिली, थांबली, पुन्हा वाजली. त्या केंद्राजवळच्या कुठल्याशा वर्गात या घडीला ठमी बसली असेल, बहुतेक पेनाचं टोपण चावत. खाली उतरल्यावर तिने एकच विचारलं, "शिकायला काय काय लागतं?"

लागलं पुष्कळ. हवामान, नियम, इंजिन, सगळं तिने पाठ केलं. पण खरी फजिती केली ती काट्याने. कॅप्टननी फळ्यावर चाक काढलं. "मधला तुंबा म्हणजे केंद्र. त्यातून चहूकडे आरे निघतात. तुम्ही एक आरा निवडायचा. काटा मधोमध म्हणजे तुम्ही त्या आऱ्यावर. काटा उजवीकडे गेला तर आरा उजवीकडे, तिकडे वळा. आणि ही खिडकी बघा. 'टू' म्हणजे केंद्राकडे, 'फ्रॉम' म्हणजे केंद्रापासून दूर."

"म्हणजे माझ्या विमानाचं नाक कुठल्या दिशेला आहे ते हा सांगत नाही?"

"त्याला तुमच्या नाकाशी देणंघेणं नाही. तुम्ही आहात कुठे, एवढंच तो सांगतो."

फळ्यावर सोपं वाटलेलं आभाळात पार बिघडलं. काटा जरा हलला की ती जोरात वळे, मग काटा दुसऱ्या टोकाला पळे, की ती परत उलटी वळे. विमान आभाळात नागमोडी चाललं. कॅप्टन शेवटी म्हणाले, "बाई, काट्यामागे धावू नका हो. थोडं वळा, आणि मग त्याला यायला वेळ द्या." तिला वाटलं, हे जमलं असतं तर आणखी काय हवं होतं. ठमीने फोन उचलला नाही, की दिवसभर पुन्हा पुन्हा लावणारी बाई ती.

पण हात हळूहळू शांत झाले, आणि एक दिवस कॅप्टन म्हणाले, "आता डोंगरापलीकडे एकटीने जाऊन या."

तिने ठमीला कळवलं. "एकटी? आई, तू?" ठमी ओरडली. मग आवाज खाली आला. "क्लास आहे गं माझा. बघते, जमलं तर येते."

निघाली तेव्हा हवा स्वच्छ होती. शिट्टी ऐकली, काटा मधोमध आणला. डोंगर जवळ आले तसे समोर ढग दिसू लागले. शिकाऊ माणसाने ढगात शिरायचं नाही, म्हणून ती त्यांच्याखाली उतरली. आणि शिट्टी बंद पडली. डायलवर संकेत तुटल्याची लाल पट्टी आली, काटा मेल्यासारखा निपचित. डोंगर मध्ये आला होता.

 परत फिरावं? खाली दगडाची खाण होती, नकाशावरही होती, म्हणजे निदान आपण कुठे आहोत ते ठाऊक होतं. आधी होती तीच दिशा तिने धरून ठेवली. हात शिवशिवत होते, काहीतरी फिरवावं, वळवावं. तिने ते आवरले. कडेला आभाळ मोकळं झालं तशी ती पुन्हा वर चढली. लाल पट्टी गेली. कानात शिट्टी आली, आणि तिच्या तोंडून निघालं, "आलीस बाई!"

काटा बराच उजवीकडे होता. उजवीकडच्या वाऱ्याने तिला डावीकडे ढकललं होतं. ती थोडी उजवीकडे वळली आणि थांबली. काटा कूर्मगतीने मध्ये आला. तिथे तो राहावा म्हणून विमानाचं नाक थोडं वाऱ्याकडेच रोखून ठेवावं लागलं. बघणाऱ्याला वाटलं असतं बाई भलतीकडेच निघाल्या, पण ती चालली होती सरळ गावावर. केंद्र खाली आलं तसा काटा थरथरला आणि 'टू'चं 'फ्रॉम' झालं.

विमान उतरवून तिने इंजिन बंद केलं. विमानतळाच्या कुंपणापाशी कुणी नव्हतं. इंधन भरून झालं, ऑफिसात सही झाली, तरी कुणी नाही. आता निघायलाच हवं, असं ती स्वतःला बजावत होती, तोच सायकल टाकून ठमी धावत आली. घामाघूम. उंच झालेली. डोळ्यांवर नवा चष्मा.

आईची नजर आधी त्या चष्म्यावर गेली. फ्रेम दुसऱ्या कुणाच्या दुकानातली.

"नंबर वाढला?"

"थोडासा. बाबांनी करून दिला. तुला सांगणार होते."

"बरा आहे. कानामागे टोचतोय ना?"

"तुला कसं कळलं?"

"डावीकडे वर चढलाय." तिने पर्समधला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, दांडी सारखी केली, आणि चष्मा पोरीच्या नाकावर ठेवताना हात जरा जास्तच वेळ तिथे राहू दिला. ठमीने तो राहू दिला.

ठमी विमानात डोकावून आली, हे काय, ते काय, विचारत राहिली. मग बूट जमिनीवर घासत म्हणाली, "आई, मी परत येणार नाहीये हं राहायला. मला आवडतं इथे. म्हणजे, तू त्यासाठी आली असशील तर..."

"नाही गं. तुला बघायला आले."

"मग मी जाऊ का विचारलं तेव्हा एवढं झटकन 'जा की' का म्हणालीस? मला वाटलं, तुला सुटल्यासारखं झालं."

"थोडी थांबले असते तर रडले असते. मग तू गेली नसतीस."

 ठमीने आईच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, चष्म्यासकट, आणि फ्रेम पुन्हा वाकडी झाली.

दिवस कलायच्या आत पोहोचायला हवं होतं. ठमी कुंपणापलीकडे जाऊन उभी राहिली. विमान धावपट्टी सोडून वर उठलं. वळायला अजून उंची हवी होती, तोवर मागे बघायचं नाही, समोर लक्ष ठेवायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने मान वळवलीच. कुंपण दिसलं, त्यापाशी ठमी कुठे आहे ते दिसलं नाही. तेवढ्यात विमान एका अंगाला कललं. तिने ते हलक्या हाताने सारखं केलं आणि उंची मिळाल्यावर घरच्या दिशेला लावलं.