विमानाचं नाक मेलबर्नला

हे लिहिणार नव्हतो. पण फोनला अजून चार्जिंग आहे आणि बोलायला जवळ कोणी नाही. तर, आमचं विमान ताणलं जातंय.

मुंबई ते मेलबर्न, बारा तास. समोरच्या स्क्रीनवर उरलेलं अंतर कमी व्हायचं सोडून वाढायला लागलं. वेळ तेवढाच राहिला. बेल दाबून विचारलं तर हवाई सुंदरी म्हणाली, "शहर पुढं सरकलंय सर. वेळेत पोचायचं म्हणून विमान लांब करतोय." पाणी दिलं आणि गेली.

मेलबर्नला दिग्विजयचं लग्न आहे. इचलकरंजीत आम्ही एका गल्लीत वाढलो. त्याला घरचं कोणी उरलं नाही. मुलीकडची साठ माणसं, याच्याकडचा मी. अंतरपाटाचं एक टोक भटजी धरणार, दुसरं मी. एवढ्यासाठी पहिल्यांदा विमानात बसलो.

पुढच्या सीटवर मालवणच्या काकू होत्या, लेकीकडं निघालेल्या. मागं वळून चिवडा देत होत्या. दुसऱ्यांदा दिला तेव्हा हात पोचला नाही. मग लांबून हाक आली, "जेवलास काय रे?"

"हो काकू."

बहुतेक त्यांना ऐकू गेलं नाही. नंतर त्या दिसेनाशा झाल्या.

कापड ताणलं की पन्हा कमी होतो, लूमवर राबलेल्याला हे सांगावं लागत नाही. छत डोक्याला टेकलं. खिडक्या जवळ आल्या.

तेवढ्यात दिग्याचा फोन. "सुक्या, कुठं मेलास?"

"विमानात."

"विमान तर उतरलंय. लोकं घरी गेली."

"नाक उतरलंय. मी शेपटाकडं आहे. खिडकीतून अजून मुंबईच दिसतीय."

त्याच्याकडं मागं मंगलाष्टकं चालली होती.

"मग चालत ये की."

"निघतो. तुझं काय चाललंय?"

"भटजी परत पहिल्यापासून म्हणायलेत. अक्षता गुडघ्यापर्यंत आल्या. दुसरं टोक मीच धरलंय, एका हातात हार. नवरदेवानं स्वतःचाच अंतरपाट धरलेला कधी बघितलास? पोरं हसायलीत."

"कोणाला तरी धरायला सांग."

"तिचा भाऊ धरतो म्हणाला."

"मग धरू दे," मी म्हणालो. मला तसं म्हणायचं नव्हतं.

"नको म्हटलं. माझ्याकडचा येतोय म्हटलं."

मी उठलो. रिकाम्या सीटा, घड्या घातलेली पांघरुणं. काकूंची सीट आली, तीही गार पडलेली. तिथून वाकून चाललो, मग रांगलो. आता पोटावर आहे. दोन्ही खांदे अडकलेत. एक हात पुढं काढलाय, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हे लिहितोय. पुढं बांगडीएवढा उजेड आहे. मंगलाष्टकं आता फोनमधून नाही, तिथून येतायत.

मघाशी दिग्या पुन्हा बोलला, हळू.

"सुक्या, हात भरून आला रे. सोडू काय?"

"नको सोडू. माझ्याआधी माझा हात पोचेल. टोक त्यात दे. मी सोडणार नाही, भावा."