निल्स सरांच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, फुटबॉलचा कॅप्टन दंडावर चढवतो ना, तसला मी एक जुना पिवळा पट्टा. इलॅस्टिक सैल झालंय, रंगही विटलाय. पण हसू नका हं, मी डेन्मार्कचा आहे!

तिथल्या एका लहान गावच्या क्लबात मी निल्सच्या दंडावर होतो. काय खेळायचा तो! एका फायनलच्या आदल्या दिवशी त्याचा गुडघा दुखावला. कॅप्टनच रडायला लागला तर कसं, असं वाटून त्याने कुणाला सांगितलं नाही. मला तर त्याचा केवढा अभिमान वाटला! त्या सामन्यात गुडघा कायमचा गेला आणि सव्विसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. मूर्ख होतो मी, दुसरं काय!

मग तो प्रशिक्षक झाला. कुठे कुठे शिकवत शेवटी अंबरनाथला मुलींचा संघ बांधायला आला. इथे सगळे त्याला निल्स सर म्हणू लागले, मग मीही. सरांनी मला यशोधराच्या दंडावर चढवलं. तिचे वडील आनंदनगरच्या कारखान्यात कामाला. पोरगी नुसती आग! जिल्ह्याच्या फायनलला राज्य संघ निवडणारे येणार होते, त्यासाठी ती वर्षभर राबली होती.

फायनलच्या सकाळी ती उजवा पाय जपून टाकत होती.

"काय झालं गं?" तिच्या संघातल्या किर्तीने विचारलं.

"काय नाय. चूप बस, सरांना बोलू नको."

पण सरांनी पाहिलंच. त्यांनी मला तिच्या दंडावरून काढून किर्तीच्या दंडावर चढवलं.

"सर, प्लीज! आजच्या दिवस खेळू द्या ना. सिलेक्शन आहे माझं!"

"नाही," सर म्हणाले. एवढं मराठी त्यांना येत होतं.

आम्ही एका गोलने हरलो. निवडणारे यशोधराचं नावही न लिहिता गेले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचा लिगामेंट अर्धा फाटलाय, खेळली असती तर पुरता गेला असता. तरी ती सरांशी बोलेना. मला तिचंही वाईट वाटायचं. स्वप्न तर हातचं गेलंच होतं ना!

आठ महिन्यांनी सर मायदेशी निघाले. रिक्षात बसताना त्यांनी मला यशोधराच्या हातात ठेवलं. तिने मान वर केली नाही. रिक्षा सुटली आणि एकदम ती धावत सुटली! मला मुठीत धरून, "सर! ओ सर!" असं ओरडत, थेट वळणापर्यंत. सर मागे वळून तिचा गुडघा बघत होते. पाय सरळ पडत होता. सर हसले आणि डोळे पुसू लागले.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखे पट्टे बाजारात ढिगाने मिळतात. तुम्हाला दुखत असेल तर तेवढं सांगा. आणि कॅप्टन असलात, तर सगळ्यांच्या आधी सांगा.